कळ गालात, गाठ खोगिरात

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

चेहऱ्याची एक बाजू दुखू लागली की आपल्याकडे पहिला संशय दाढेवर जातो, आणि बहुतेक वेळा तो खराही निघतो. दाढेत काही सापडले नाही तर सायनस, तिथे नाही तर कान, आणि कुठेच काही नाही असे ठरले की शेजारपाजारचे 'वात असेल' म्हणून निर्गुडीचा शेक सुचवतात. आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचे आहे, त्याच्या वाट्याला हा सगळा प्रवास जवळजवळ नेमाने येतो. मी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांचा डॉक्टर. माझ्यापर्यंत असे रुग्ण येतात तेव्हा अनेकांच्या त्या बाजूच्या एक-दोन दाढा आधीच गेलेल्या असतात आणि दुखणे मात्र जागच्या जागी असते.

या दुखण्याला डॉक्टरी भाषेत ट्रायजेमिनल न्युराल्जिया म्हणतात. नाव अवघड आहे, पण वर्णन सोपे. कारण ज्याला हा त्रास होतो तो माणूस शिकलेला असो की नसो, जवळपास त्याच शब्दांत सांगतो. गालातून वीज गेल्यासारखी कळ येते. काही सेकंद राहते, फार तर दोन मिनिटे, आणि निघून जाते. मधल्या वेळात काही नसते, पण ती पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. चूळ भरली, दात घासले, घास चावला, कुणाशी दोन शब्द बोलले, गाडीच्या खिडकीतून गार वारा गालावर आला, एवढे निमित्त पुरते. मग बाया भर मे महिन्यात गालावर पदर ओढून बसतात. पुरुष एका बाजूची दाढी वाढू देतात. काही जण जेवणच टाळतात आणि वजन उतरले म्हणून घरचे भलत्याच आजाराची धास्ती घेतात. बोलता बोलता माणूस एकदम थांबतो, हात गालाजवळ नेतो, पण गालाला लावत नाही. तो न टेकलेला हात पाहिला की आम्हाला निम्मे निदान तिथेच होते.

हा आजार काही नवा नाही. फ्रान्समधील शल्यचिकित्सक निकोला आंद्रे याने १७५६ मध्ये त्याला 'टिक डुलुरो' असे नाव दिले. वेदनेने चेहरा आक्रसतो, असा त्याचा अर्थ. पुढे १७७३ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन फोदरगिल यांनी त्याचे इतके नेमके वर्णन केले की आजही त्यात फारशी भर घालावी लागत नाही. पन्नाशीनंतर तो जास्त आढळतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. तसा तो विरळाच. परदेशांतल्या पाहण्यांत दर लाख लोकांमागे वर्षाला चारपासून तेरापर्यंत नवे रुग्ण, असे अंदाज आहेत. पण ज्याला होतो त्याच्या दृष्टीने हा हिशेब व्यर्थ असतो.

आता ही कळ येते कुठून? आपल्या बोलण्यात शिरेलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही. आज मी नस म्हणेन तेव्हा मज्जातंतूच समजावा. चेहऱ्याची सगळी संवेदना मेंदूपर्यंत नेणारी नस प्रत्येक बाजूला एकेक असते आणि तिला तीन फांद्या असतात. 'ट्रायजेमिनल' या शब्दाच्या मुळाशी तिळ्यांची कल्पना आहे, एका वेळी जन्मलेली तीन भावंडे. पहिली फांदी कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल, वरचा जबडा आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालचा जबडा आणि हनुवटीकडे. या तिघी कवटीच्या आत एकत्र येतात त्या एका छोट्याशा कोनाड्यात. अठराव्या शतकातल्या एका जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला मेकेलची गुहा म्हणतात. तिथून पुढे एकच जाड नस मेंदूच्या बुंध्यात शिरते. या वाटेवर कुठेही नस डिवचली गेली, तरी मेंदूला मात्र दाढच दुखल्यासारखी वाटते. घराची बेल वाजली म्हणून आपण दार उघडतो. पण बटण कुणी दाबलेच नसेल आणि भिंतीतल्या वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या असतील, तर दारात कोण सापडणार? दाढ काढूनही कळ थांबत नाही ती यामुळे.

बहुसंख्य रुग्णांत हा डिवचणारा घटक असतो एक रक्तवाहिनी. अमेरिकेतील शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्ये आपल्या शस्त्रक्रियांच्या अनुभवावरून हे मांडले. नस मेंदूत शिरते त्या जागी एखादी धमनी तिच्यावर टेकलेली असते. वर्षानुवर्षे धमनीचे ठोके बसून नसेवरचे आवरण झिजते, वायरीवरचे प्लॅस्टिक झिजावे तसे. पुढे पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकातून ही धमनी बाजूला करून मध्ये गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पण डँडी यांना काही रुग्णांत धमनीऐवजी गाठी सापडल्या होत्या, ही गोष्ट सांगताना अनेकदा राहून जाते. आजचा अंदाज असा की या दुखण्याच्या शंभरातील सुमारे पंधरा रुग्णांत एमआरआय केल्यावर वेगळे कारण दिसते: कधी मल्टिपल स्क्लेरोसिस, कधी गाठ. या गाठीही बहुधा कानामागच्या बाजूला, नसेच्या मुळापाशी असतात. त्यांतल्या अगदी थोड्या निघतात पीयूषिका ग्रंथीच्या. आज या थोड्यांविषयीच बोलायचे आहे, कारण त्या थोड्या असल्या तरी हातून निसटल्या तर नुकसान मोठे होते, आणि सापडल्या तर सहसा उपाय असतो.

पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी. आकाराने वाटाण्याएवढी, वजनाला जेमतेम अर्धा ग्रॅम. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खळग्यात ती बसलेली असते. या खळग्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा दिसला म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला 'तुर्की खोगीर' असे नाव दिले. ग्रंथीच्या नावाची कथाही गमतीची आहे. मेंदूतला कफ या ग्रंथीतून नाकात उतरतो, असे प्राचीन वैद्य गेलन यांच्यापासून लोक मानत आले. पिट्युटरी या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये कफ असेच आहे. वाढ, थायरॉइड, ॲड्रिनल ग्रंथी, पाळी, शुक्रजंतू, अंगावरचे दूध, शरीरातले पाणी, या सगळ्यांवर हुकूम चालवणारी ग्रंथी, आणि नाव मात्र शेंबडावरून! आपल्या मराठी पारिभाषिकांनी तिला पीयूषाचे, म्हणजे अमृताचे नाव देऊन थोडा न्याय केला.

या ग्रंथीला गाठ येणे तसे दुर्मीळ नाही. कवटीच्या आत होणाऱ्या एकूण गाठींपैकी दहा ते पंधरा टक्के गाठी पीयूषिकेच्या असतात, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या कर्करोगाच्या नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या वर्गीकरणात त्यांचे जुने 'ॲडिनोमा' हे नाव बदलून 'पिटनेट' असे नवे नाव स्वीकारले. रिपोर्टवर तो शब्द दिसला म्हणून हादरून जाऊ नये. नाव नवे, गाठ तीच.

गाठ वाढू लागली की ती कुठे जाणार, हे शेजाऱ्यांवर ठरते. खोगिराच्या वर नाजूक पडद्याचे छप्पर आहे, आणि त्या छपरावर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे वर सरकणारी गाठ नजरेवर आघात करते, आणि तोही चमत्कारिक. समोरचे नीट दिसते, पण दोन्ही बाजूंचे कडेचे दिसेनासे होते. टांग्याच्या घोड्याला झापडे लावावीत तसे. खोगिराच्या डाव्या-उजव्या भिंतीला मात्र शिरांच्या रक्ताने भरलेले एकेक दालन असते. त्याला कॅव्हर्नस सायनस म्हणतात. सर्दीच्या सायनसशी त्याचा काही संबंध नाही. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी या दालनातून जाते. डोळा फिरवणाऱ्या तीन नसा तिथूनच जातात. आणि आपल्या तिळ्यांपैकी वरच्या दोघी याच दालनाच्या बाहेरच्या भिंतीतून जातात. मेकेलची गुहा तर अगदी पाठीला पाठ लावून.

मग पीयूषिकेच्या गाठीमुळे गालात कळ रोज का दिसत नाही? गाठ बहुधा मऊ असते, आणि नसा त्या भिंतीत चांगल्या बंदोबस्तात असतात. गाठ दालनात शिरली तरी पुष्कळदा नसांच्या कडेकडेने पसरते, त्यांना दुखवत नाही. त्यामुळे गालातली कळ हे या गाठीचे पहिले लक्षण असणे ही खरोखर अपवादाची गोष्ट, आणि अपवाद असल्यामुळेच तिकडे कुणाचे लक्ष जात नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मालवाहू टेम्पो चालवणारे एक गृहस्थ, वय अठ्ठेचाळीस, पत्नीसह आले. डाव्या गालात वर्षभर कळा. वरच्या दोन दाढा काढून झाल्या होत्या. गोळ्यांनी मध्यंतरी बरे वाटले होते, आता गोळ्यांचा प्रमाण वाढवूनही कळ निघत होती. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. दात, कान, सायनस, सगळे तपासून झालेले. बोलता बोलता मी विचारले, "दादा, दाढी करताना कळ येते का?"

"येती की," ते म्हणाले. "पर आता दाढीचा तरास नाही एवढा. आठ दिसांनी केली तरी चालतीया."

पत्नी बाजूला बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पूर्वी रोज करावी लागायची, डॉक्टरसाहेब. आता वाढतच नाही."

पुरुषाच्या दाढीची वाढ मंदावते तेव्हा ती पुरुषी हार्मोन कमी झाल्याची खूण असू शकते. कापसाचा पिळलेला धागा घेऊन मी त्यांच्या दोन्ही गालांवर फिरवला. डावीकडे स्पर्श बोथट होता. नुसत्या धमनीच्या दाबाने येणाऱ्या नेहमीच्या कळेत कळांच्या मधल्या वेळी गाल सहसा अगदी निकोप असतो. गालात बधिरपणा असेल, किंवा कळांच्या मधेही सतत ठणका असेल, तर कारण दुसरे असण्याची शंका घ्यावीच लागते. मग त्यांना एक डोळा झाकायला सांगून माझ्या नाकाकडे पाहायला लावले आणि कडेकडून बोट हलवत आत आणले. बोट बरेच आत येईपर्यंत त्यांना दिसले नाही. दुसऱ्या डोळ्याचेही तेच. टेम्पोचा डावा आरसा त्या वर्षात दोनदा फुटला होता, हे तेव्हा निघाले. "गल्ल्या लई अरुंद झाल्यात," असे त्यांचे म्हणणे होते.

पत्नीला बाहेर बसवून मी आणखी एक प्रश्न विचारला. संबंधांची इच्छा दोन-तीन वर्षांपासून गेलेली होती. हे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. दाढेच्या डॉक्टरला सांगायचे कारणच नव्हते, आणि ज्याला सांगावे असा डॉक्टर त्यांना भेटलाच नव्हता. वय झाले, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी!

एमआरआयमध्ये साडेतीन सेंटिमीटरची गाठ दिसली. वर डोळ्यांच्या नसांना टेकलेली, डावीकडे दालन भरून मेकेलच्या गुहेपर्यंत गेलेली. रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाचे हार्मोन, तपासले. पुरुषांत हे साधारणपणे पंधरा-वीसच्या आत असते. आकडा आला नव्वदच्या आसपास. एवढ्या मोठ्या गाठीच्या मानाने हा आकडा फारच थोडा होता. मोठ्या गाठीने ग्रंथीचा देठ नुसता दाबला तरी प्रोलॅक्टिन इतपत वाढते, म्हणून ही गाठ दुधाचे हार्मोन बनवणारी नाही असे मानून शस्त्रक्रियेचा दिवस जवळजवळ ठरला होता. आमचे हार्मोनतज्ज्ञ सहकारी मात्र अडून बसले. तोच नमुना शंभर पट पातळ करून पुन्हा तपासायला त्यांनी लावला. आकडा काही हजारांत गेला! प्रयोगशाळेतील तपासण्यांच्या काही पद्धतींत रक्तात हार्मोन अतोनात असले की यंत्र गोंधळते आणि खोटा कमी आकडा देते. त्याला हुक इफेक्ट म्हणतात. मोठी गाठ आणि किरकोळ प्रोलॅक्टिन अशी जोडी दिसली की नमुना पातळ करून पाहावा, हे आमच्या व्यवसायातील तरुण मंडळींनीही ध्यानात ठेवावे.

आकड्याने एवढे काय बदलले? सगळेच. दुधाचे हार्मोन बनवणारी गाठ ही पीयूषिकेच्या गाठींतील एकमेव अशी, की जिच्यावर पहिला उपाय सुरी नसून गोळी आहे. कॅबरगोलिन नावाची गोळी, आठवड्यातून दोनदा. त्याआधी ब्रोमोक्रिप्टिन वापरत, अजूनही वापरतात. गोळीने हार्मोन उतरते आणि गाठही आक्रसते. या गृहस्थांची कळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कमी होऊ लागली. तीन महिन्यांनी डोळ्यांच्या मोठ्या तपासणीत कडेची नजर बरीच परतली होती. तोवर टेम्पो चालवायचा नाही, एवढी एक अट मात्र आम्ही कडक पाळायला लावली, आणि त्यावरून घरात बरीच कुरबूर झाली. हप्ते कोण भरणार, हा त्यांचा प्रश्न खरा होता. भावाने काही महिने गाडी चालवली.

या एका उदाहरणावरून सगळ्यांनी धडाधड एमआरआय काढायला धावावे, असे मला म्हणायचे नाही. दाढेची दुखणी दाढेचीच असतात आणि दंतवैद्यानेच ती बरी करायची असतात. पण एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ट्रायजेमिनल कळेवर कार्बामाझेपिन नावाची गोळी देतात. स्वीडनमधील डॉ. ब्लॉम यांनी १९६२ मध्ये तिचा गुण जगाला सांगितला, आणि आजही तीच पहिली गोळी आहे. तिने कळ इतकी झपाट्याने थांबते की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही निश्चिंत होतात. पण गाठीमुळे आलेली कळही या गोळीने थांबू शकते. कळ थांबली म्हणजे कारण कळले, असे होत नाही. भोंगा बंद केला म्हणून आग विझत नाही. युरोपातील मज्जातंतू-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या दुखण्याच्या प्रत्येक रुग्णाचा एकदा तरी एमआरआय व्हावा असेच म्हटले आहे. पूर्वी आम्ही चाळिशीच्या आतले, दोन्ही बाजूंना कळ असलेले, गाल बधिर असलेले, अशांचाच आग्रह धरत असू. आता तो भेद राहिलेला नाही. खर्च होतो, हे मान्य. सरकारी आणि महापालिकांच्या मोठ्या रुग्णालयांत तो पुष्कळ कमी होतो, हेही सांगून ठेवतो.

कार्बामाझेपिन घेणाऱ्यांसाठी जाता जाता दोन शब्द. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ आले, तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी मात्र मनाने एकदम बंद करू नये. रक्तातील पेशी आणि सोडियम तपासून घ्यावे लागते. वयस्कर माणसाला गरगरते, तोल जातो. रात्री उठताना भिंतीचा आधार घ्यावा.

आता त्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे वळू. पीयूषिकेच्या गाठीची खरी अडचण अशी, की तिची लक्षणे शरीरभर विखुरलेली असतात आणि प्रत्येक लक्षणाचा डॉक्टर वेगळा असतो. पाळी थांबली की स्त्रीरोगतज्ज्ञ. नजर कमी झाली की चष्मेवाला. गाल दुखला की दंतवैद्य. एखाद्या बाईच्या अंगावर बाळंतपणाशिवाय दूध येऊ लागले तर ती संकोचाने कुणाकडेच जात नाही. वाढीचे हार्मोन जास्त झाले तर चाळिशी-पन्नाशीच्या माणसाची अंगठी निघेनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो, दातांत फटी पडतात, आवाज घोगरा होतो. हे इतके सावकाश होते की रोज पाहणाऱ्या घरच्यांच्या लक्षात येत नाही, दहा वर्षांनी भेटलेल्या मामाच्या येते. पिशवीत चार फायली असतात, पण चारी एकत्र उघडून कुणी बसत नाही. म्हणून चेहऱ्याच्या कळेसाठी मज्जातंतूच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा या गोष्टी असल्यास आपणहून सांगा. 'याचा आणि गालाचा काय संबंध' असे वाटले तरी सांगा. संबंध आहे की नाही ते पाहायचे काम आमचे. लग्नातला जुना फोटो सोबत आणलात तर आम्हाला आनंदच होईल. चेहरा किती बदलला ते त्यात दिसते.

एक प्रसंग मात्र वाट पाहण्यासारखा नसतो. अचानक, कधी आलीच नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणे, पापणी पडणे किंवा नजर झपाट्याने जाणे. गाठीत रक्तस्राव झाला किंवा तिचा रक्तपुरवठा तुटला की असे होते. तिथे तासांचा हिशेब असतो. मोठे रुग्णालय गाठायचे, दवाखाना उघडायची वाट पाहायची नाही.

दूध-हार्मोनाच्या गाठी सोडल्या तर बाकीच्या मोठ्या गाठींना शस्त्रक्रिया लागते, आणि ती बहुधा नाकातून होते. डोके उघडावे लागत नाही. नाकातून या ग्रंथीपर्यंत पोहोचण्याची शस्त्रक्रिया १९०७ मध्ये ऑस्ट्रियात हेरमान श्लोफर यांनी प्रथम केली. पुढे अमेरिकेतील हार्वी कुशिंग यांनी ती नावारूपाला आणली. योगायोग असा, की या कुशिंग यांनी तरुणपणी, १९०० च्या सुमारास, आधी नाव कमावले ते चेहऱ्याच्या याच कळेवरील शस्त्रक्रियेने, आणि १९१२ मध्ये पीयूषिकेवरचा मोठा ग्रंथ लिहिला. एकाच माणसाने दोन्ही आजारांवर उमेदीची वर्षे घालवली; पण दोन्ही आजार एकाच रुग्णात भेटू शकतात, हे आजही आम्हाला आठवून द्यावे लागते. आपल्याकडेही या क्षेत्रात मोठे काम झाले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी अतिविशाल गाठींच्या ११८ रुग्णांवरील शस्त्रक्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. गाठ कितीही मोठी दिसली तरी ती कोणत्या पडद्याच्या आत आहे आणि कोणता पडदा ओलांडून गेली आहे, यावर शस्त्रक्रियेचे धोरण ठरते, अशी त्यामागची दृष्टी होती. एमआरआयच्या चित्रात भयंकर दिसणारी गाठ नाकातून निघू शकते, हे रुग्णाच्या नातेवाइकांना सांगताना अशा कामाचा मोठा आधार वाटतो. कॅव्हर्नस दालनातला तुकडा मात्र पुष्कळदा धमनीला चिकटलेला असतो आणि मागे सोडावा लागतो. त्यावर लक्ष ठेवायचे, गरज पडल्यास नेमक्या जागी किरणोपचार द्यायचे. गाठ निघाली किंवा आक्रसली की गालातील कळ बहुधा जाते. बधिरपणा मात्र कधी कधी थोडा उरतो.

गोळ्या घेणाऱ्यांनीही सावध राहायचे आहे. कॅबरगोलिनने मळमळते, एकदम उठले की चक्कर येते. रात्री जेवणानंतर घेतली तर सोसते. क्वचित एखाद्याचा स्वभाव बदलतो, जुगाराचा किंवा उधळपट्टीचा नाद लागतो. घरच्यांना हे विचित्र वाटते, पण तो गोळीचा परिणाम असू शकतो आणि डॉक्टरला सांगायलाच हवा. आणि मोठी गाठ झपाट्याने लहान झाली तर तिने पोखरलेल्या हाडाच्या फटीतून मेंदूभोवतीचे पाणी नाकात उतरू शकते. वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखे स्वच्छ, खारट थेंब पडू लागले तर ती सर्दी समजू नये. तशीच अंगावर काढली तर मेंदूज्वर होण्याची भीती असते.

शेवटी उलट बाजूचेही सांगायला हवे, कारण आजकाल तोच प्रसंग जास्त येतो. गालातील कळेसाठी एमआरआय केला आणि अहवालात लिहून आले की पीयूषिकेत चार मिलिमीटरचा ठिपका आहे. घरात रडारड सुरू. असे ठिपके पुष्कळ धडधाकट माणसांत सापडतात. इतर कारणांनी मरण पावलेल्यांच्या तपासणीत दर दहांत साधारण एकाला ते आढळले आहेत. चार मिलिमीटरचा ठिपका खोगिराच्या मध्ये बसून गालाच्या नसेपर्यंत पोहोचत नाही. कळेचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही, आणि तो काढला तर कळ जाईल, अशी आशाही धरता येत नाही. अशा वेळी रेडिऑलॉजिस्टला एकच विचारावे: मेकेलच्या गुहेपासून मेंदूच्या बुंध्यापर्यंत नस नीट पाहिली का, आणि तिच्यावर एखादी धमनी टेकली आहे का? ठिपक्यासाठी रक्तातील काही हार्मोन तपासून घ्यावेत, ते ठीक असतील तर वर्षभराने एमआरआय पुन्हा करावा. आणि कळेचा इलाज वेगळा, तिच्या खऱ्या कारणावर, चालू ठेवावा.